सारलेलं ताट

कमळाताईंची खानावळ बंद झाली तर गुरुप्रसाद शिवलकरांचा फायदाच होता. तोही एका अंगानं नव्हे, चारी अंगांनी. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात गेलेली. रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या पायरीवर जाऊन बसतात, गुरुप्रसाद मनातल्या मनात वजनं करत बसायचे. पहिला फायदा नाकाचा. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला वळलं की तव्यावरच्या रव्याचा, तिरफळांचा आणि तापल्या तेलाचा जो वास अंगावर यायचा, तो थांबणार. दुसरा पायांचा. तो वास चुकवायला म्हणून गेली कित्येक वर्षं ते बाजारात जाताना शाळेमागच्या चढणीनं वळसा घालायचे; ती चढण सुटणार, गुडघे दुवा देणार. तिसरा तोंडाचा. बाळा मयेकरासारखा माणूस भर नाक्यावर "काय शिवलकर, अजून सोवळंच काय?" म्हणून ओरडायचा आणि त्याला हसून दाखवावं लागायचं, ते टळणार. चौथा फायदा त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, स्वतःलासुद्धा नीटसा नाही. ज्या बाईच्या देखत आपण एकदा देवाला काही बोललो होतो, ती बाई गाव सोडून चालली. साक्षीदारच उरला नाही की काय बोललो होतो ते ठरवणारे आपणच. हा चौथा फायदा त्यांना इतका आवडला की त्याची भीती वाटली.

खानावळीचं पाटीवरचं नाव 'श्रमसाफल्य भोजनगृह', पण ते नाव पोस्टमनशिवाय कोणी वाचलेलं नव्हतं. सगळ्यांची ती कमळाताईंची खानावळ. मुंबईहून आलेले इंजिनीअर, कोर्टाच्या तारखेला आलेले वकील, गणपतीपुळ्याला जाताना दर्शन आधी की जेवण आधी यावर गाडीतच भांडत आलेली कुटुंबं, सगळी त्या लाकडी बाकांवर मांडीला मांडी लावून बसलेली. गावातली अशी ठिकाणं गेल्या काही वर्षांत एकेक करून मिटत गेली होती. स्टँडसमोरचं मिसळवालं गेलं, तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. राम आळीतलं खरवसवालं गेलं, तिथं आता काय आहे ते आठवत नाही, आणि आठवत नाही याचंही कोणाला काही वाटत नाही. त्या प्रत्येक वेळी गुरुप्रसाद हळहळले होते, म्हणजे इतर हळहळले तेवढेच, मापात. पण परवा नाक्यावरचा मोठा फ्लेक्स वाचताना जे झालं ते हळहळणं नव्हतं. कमळाताईंच्या मुंबईच्या भाच्यानं, चिरागनं, तो लावला होता. जागा विकली होती, बोलणी त्यानंच केली होती, निरोपाचा थाटही त्यानंच मांडला होता. 'आठवणींचा शेवटचा घास! येत्या मंगळवारी अखेरची मच्छी थाळी!' खाली सुरमईचा एवढा मोठा फोटो, तिच्या डोळ्यात फोटोवाल्याचा दिवा चमकलेला. गुरुप्रसादांनी मंगळवार हा शब्द वाचला, बोटांवर तिथी मोजली, आणि पायाखालची पायरी कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मंगळवारी अंगारकी होती.

"वाचलंव?" बाळा मयेकर पानाच्या टपरीवरून म्हणाला. तो त्यांचा शाळेपासूनचा सोबती, बंदरावर बर्फाचा धंदा करून आता स्वतःच थंड झालेला. "अंगारकीच्या दिवशी मासळीची पंगत! रत्नांग्रीत! मुंबईत कॅलेंडर नसतात वाटतं, नुसते वीकेंड असतात."

"कमळाताईंच्या ध्यानात कसं आलं नाही?"

"आलं की. पण फलक लागला, फोनवर फिरला, मासळी आगाऊ सांगून झाली, मंगच त्यानं म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, राहू दे बाबा, माझा शेवट तरी गाजेल." बाळानं पान गालात सरकवलं. "तुमचं बरं हाय हो शिवलकर. तुमाला रोजचीच अंगारकी. तुमी या बिनधास्त."

गुरुप्रसाद हसून दाखवून घरी आले. पण तारीख डोक्यातून जाईना. आठवड्याचे सात वार, त्यात नेमका मंगळवार, त्यात नेमकी चतुर्थी, आणि त्यांनी जो शब्द दिला होता तो पुळ्याच्या गणपतीलाच दिला होता. एखादा योगायोग वजनात हलका असला की माणूस तो उचलून बाजूला ठेवतो. हा उचलवत नव्हता. देव आपल्याला हिशेबाला बोलावतोय, की त्या बिचाऱ्या पोरानं नुसतं पंचांग पाहिलं नाही? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं काय?

तो दिवस त्यांना काट्यासकट आठवत होता. काटा म्हणजे माशाचाही आणि तराजूचाही. बाजारातल्या मासळीवाल्यांची वजनं तपासून दुपारी ते खानावळीत आले होते. बायका नेहमीसारख्या चेष्टा करत होत्या, "सायेब, माझं माप बघा, काय कमी पडतंय काय?" आणि ते कान लाल करून पुढे सरकले होते. भिंतीलगतचं टेबल. ताटात सरंग्याची मधली तुकडी, कालवणाची वाटी, भात, कांदा, सोलकढीचा पेला बाहेरून घामेजलेला. तुकडीचा पहिला पापुद्रा त्यांनी नुकता उचलला होता, आतलं मांस दुधासारखं निघालं होतं, तेवढ्यात फोन वाजला. एजंट. त्यांच्या मुलाचं, विनीतचं, जहाज आखातात कुठल्याशा बंदराबाहेर अडकलं होतं. मालकानं हात वर केलेले, पगार नाही, डिझेल नाही, उतरायची परवानगी नाही, आणि पोरांचे फोनही आता लागत नव्हते. एजंट बोलत होता आणि गुरुप्रसादांच्या तोंडात तो पहिला घास होता. तो गिळायचा की थुंकायचा हे त्यांना कळेना. त्यांनी गिळला. मग ताट पुढे सारलं, दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि मोठ्यानं बोलले. मोठ्यानं बोलले हे नक्की, कारण बाजूच्या टेबलावरच्या माणसानं वर पाहिलं. कमळाताई गल्ल्याच्या बाजूला, भटारखान्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि स्वतः येऊन ताट उचलून नेलं. एवढं सगळं आठवत होतं. ताटातला सरंगा किती भरेल ते आजही हाताला सांगता आलं असतं. फक्त ते वाक्य आठवत नव्हतं.

पुळ्याच्या गणपतीचं नाव घेतलं होतं. मासळी सोडली म्हटलं होतं. पण कुठवर? विनीत घरी येईपर्यंत, असं म्हटलं असेल तर तो घरी आल्याला वर्षं लोटली, आणि मधली सगळी वर्षं गुरुप्रसाद स्वतःच्याच बावळटपणानं वरणभात खात बसले. विनीत पहिल्यासारखा होईपर्यंत, असं म्हटलं असेल तर अजून नवस उभाच आहे, कारण विनीत पहिल्यासारखा झालेला नाही, आणि पहिल्यासारखं म्हणजे कसं हे आता कोणाच्या लक्षात आहे? जन्मभर, असंही म्हटलं असेल. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो. नोकरीत असताना ते दुकानदाराच्या वजनावरचा शिक्का भिंगातून बघायचे. शिक्का पुसट झाला असेल तर ते वजन बाद, दुकानदारानं कितीही हातपाय जोडले तरी बाद. स्वतःचं हे वजन मात्र शिक्का पुसला तरी त्यांनी चालू ठेवलं होतं. खात्यात कळलं असतं तर हसले असते.

आणि ते पाळणं बंद तरी कसं करणार? विनीत काही महिन्यांनी सुटून आला तेव्हा गालफडं बसलेली, पाय काठ्यांसारखे. त्यानं पहिल्या रात्री थोडंसं सांगितलं, मग पुन्हा कधीच नाही. जहाजावरचा शिधा संपला तेव्हा पोरांनी दोरीला वाकवलेल्या खिळ्याचे गळ लावून मासे धरले. सकाळी मासे, दुपारी मासे, मीठ नाही तर समुद्राचं पाणी. बाप इथं मासळी सोडून बसला आणि पोरगा तिथं मासळीवर जगला. हे ऐकल्यावर गुरुप्रसाद उठून अंगणात गेले होते आणि माडाला धरून उभे राहिले होते. या ताटातलं उचलून कोणी त्या ताटात घातलं होतं? तसं असेल तर देवाचं माप फारच काटेकोर होतं, आणि काटेकोर मापाची गुरुप्रसादांना जन्मभर जितकी आवड तितकीच आता धास्ती बसली. इकडे एक बांगडा खाल्ला तर तिकडे काय उणं होईल, कोण सांगणार? ताट सारलं त्या दिवसापासून घरात मासळी शिजली नव्हती. मथुरा, त्यांची बायको, दाभोळची, खाडीच्या काठावर वाढलेली. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरात कालवणाच्या जागी आमटी आली आणि येतच राहिली. विनीतला माशाचा वासही नको झाला होता, त्यामुळे त्याच्या बाजूनं काही प्रश्न नव्हता. प्रश्न असलाच तर एकच होता, आणि तो आता गळ्याशी आला होता: विनीत पुन्हा समुद्रावर चालला होता.

इतकी वर्षं तो माडीवर बसून कसल्याशा कंपनीची बिलं कॉम्प्युटरवर भरायचा, भाट्याच्या पुळणीवरसुद्धा फिरायला जायचा नाही. आणि गेल्या महिन्यात जेवताना सहज म्हणावं तसं म्हणाला, "बाबा, टगबोटीवर घेतायत. गुजरातला. पुढच्या महिन्यात निघायचंय." मग बापाचा चेहरा बघून, "टग आहे हो. किनारा दिसत असतो सारखा." मथुरा वाढत होती. तिनं त्याच्या पानात भात वाढला, तो पुरे म्हणाला तरी आणखी वाढला. गुरुप्रसादांना त्या क्षणी पुन्हा तो घास तोंडात आल्यासारखा वाटला. नवस चालू आहे की सुटला आहे? चालू असेल तर पोरावर छत्र आहे. सुटला असेल तर पोरगं उघड्यावर चाललं आहे आणि नव्यानं काहीतरी बांधायला हवं. हे सांगू शकेल असं माणूस साऱ्या जगात एकच, आणि ते बुधवारी सकाळच्या गाडीनं बदलापूरला चाललं होतं. म्हणजे तो चौथा फायदा हा फायदा नव्हताच. पारडं उलटं धरून वजन केल्यासारखं झालं होतं.

मंगळवारी ते शाळेमागच्या चढणीनं गेले नाहीत. सरळ उतारानं गेले. वास आला, अंगावर धावून आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण याला विसरलो नव्हतो. आपण फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. खानावळीपुढे पुळ्याच्या जत्रेसारखी गर्दी. अंगारकी असल्यामुळे आसपासच्या गावांतली, मुंबई-पुण्याची माणसं दर्शनाला आलेलीच होती, ती परतताना इकडे वळलेली. कपाळाला गुलाल, हातात दूर्वांच्या जुड्या. लांज्याहून एक अख्खी जीप आली होती, कुणाच्या तरी लग्नाची बोलणी याच बाकावर ठरली होती म्हणून. सगळे गहिवरलेले. सगळे फोटो काढत होते, पाटीचा, बाकांचा, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा. कमळाताईंना मधे उभं करून आळीपाळीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते. आणि खात कोणीच नव्हतं. वाढपी ताट घेऊन आला की माणसं कानाला हात लावून मागे सरत होती, "आज कसं चालेल हो? आज नको. सोलकढी द्या." सोलकढीचे पेले भराभर जात होते. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "यांच्या हातच्या सुरमईसारखी सुरमई नाही हो कुठं," आणि उपासाचा चिवडा पिशवीतून काढून खाऊ लागली.

चिराग घामाघूम होऊन टेबलाटेबलामधून फिरत होता. चांगला पोरगा, दाढी कोरलेली, शर्टावर खानावळीचं नाव मुद्दाम छापून घेतलेलं. "काका, थाळी घ्या ना. लास्ट डे आहे," तो गुरुप्रसादांना म्हणाला.

"आज अंगारकी आहे."

"सगळे तेच सांगतायत. पण मग आले कशाला सगळे?"

उत्तर दिलं ते बाकावर बसून तिसरा पेला पिणाऱ्या बाळा मयेकरानं. "पोरा, म्हाताऱ्या माणसाला भेटायला जातात ते काय त्याला खायला जातात?" तो म्हणाला. चिरागला ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर गुरुप्रसादांनाही कळलं नाही, पण बाजूचे सगळे हसले.

भिंतीलगतचं ते टेबल तिथंच होतं. त्यावर कोणीतरी हार आणि नारळ ठेवला होता. गुरुप्रसाद त्याच्याजवळून जाताना त्यांचे तळवे आपोआप उघडले. त्यांनी वाक्य आठवायचा प्रयत्न केला, जागा तीच, वास तोच, आता तरी येईल म्हणून. ओठांपर्यंत काहीतरी आलंही. पण ते त्या दिवसाचं होतं की गेल्या सात-आठ वर्षांत रात्री उशीवर पडून त्यांनी स्वतःच रचलेलं होतं, हे कसं ओळखायचं? खोट्या वजनाला खरा शिक्का मारणारे लोक त्यांनी पकडले होते. ते वजन हातात घेतल्यावर अगदी खरंच वाटायचं.

कमळाताई भटारखान्यात पाटावर बसल्या होत्या, गुडघे लांब करून. भोवती परातीच पराती. मसाला लावलेल्या सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, सरंगे आडवे एकावर एक. एवढी मासळी आणि एवढी शांतता गुरुप्रसादांनी कधी एकत्र पाहिली नव्हती.

"या सायेब," कमळाताई म्हणाल्या. "गावला म्हणायचा रस्ता."

"जाताय म्हणे."

"सलोनीकडं. बदलापूरला. लेक म्हणते, आई, चौथा मजला हाय पण लिफ्ट हाय. लिफ्टनं उतरून मी जाऊ कुठं, ते नाय सांगत." त्या स्वतःच हसल्या. "बसा. पाट घ्या."

गुरुप्रसाद बसले. इतक्या वर्षांचा प्रश्न, पण तो विचारताना आवाज खात्यातलाच लागला. "कमळाताई, एक खात्री करून घ्यायची होती. त्या दिवशी मला फोन आला. विनीतच्या जहाजाचा."

"ताट सारलंत तो दिवस."

"तो. मी काय बोललो?"

"कुणाला?"

"देवाला. मोठ्यानं बोललो. तुम्ही त्या दारात होतात. नेमके शब्द काय होते?"

कमळाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग छताशी लावलेल्या काळ्या तेलकट पंख्याकडे पाहिलं. "सायेब, हा पंखा तेवा नवा बसवला होता. धूर खेचायचा आणि आवाजबी खेचायचा. गिऱ्हाईक आरडून मेलं तरी मला कळायचं नाय. तुमचे ओठ हललेले दिसले. माझ्या वाट्याला एवढंच."

"पण तुम्ही मान हलवलीत!"

"मान मी सगळ्यांनाच हलवत्ये. धंदा होता."

बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा कसला तरी फोटो चांगला आला होता. गुरुप्रसादांना हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. ते म्हणाले, "मग ताट कशाला उचललंत?"

"माणसानं ताट सारलं की उचलायचं नाय तर काय करायचं?" कमळाताईंनी पदरानं मान पुसली. "वैनींना पण मी हेच सांगितलं."

"कुठल्या वहिनींना?"

"तुमच्या किती हायत?" मग त्यांचा चेहरा बघून कमळाताईंचा आवाज उतरला. "तुमाला ठाऊक नाय? मी समजत होत्ये ठाऊक असेल, पण घरात बोलत नसाल. मथुरावैनी येतात की इथं. बुधवारी, शुक्रवारी. मागच्या दारानं."

बुधवारी, शुक्रवारी मथुरा भजनाला जायची. टाळ घेऊन जायची. गुरुप्रसादांनी तो टाळ डोळ्यांसमोर आणला, जणू त्याच्यावर काही खूण सापडेल. "खायला येते?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना कळलं की उत्तर हो असावं अशी आपली इच्छा आहे. हो असेल तर सगळं किती सोपं होईल.

"कोळंबी सोलायला."

"कामाला?"

"जीभ झडेल माझी. तुमच्या घरच्या माणसाला मी कामाला ठेवू? आपणहून पाट घेतात आणि बसतात. कोळंबी सोलतात, मांदेल्या निवडतात. दाभोळची गाणी म्हणतात हळू आवाजात. पहिल्यांदा आल्या त्या ताट सारल्याचं बाजारात ऐकून, हे नेमकं काय बोलले ते विचारायलाच. मी पंख्याचं सांगितलं. तेवा गेल्या नायत, बसूनच राह्यल्या. एकदा मी बशी पुढं केली, तळलेली, गरम. तर म्हणाल्या, कमळे, हाताला लागते तेवढी पुरे."

"मला का नाही विचारलं तिनं?"

"मीबी तेच म्हटलं. घरात माणूस हाय, इचारा त्याला. तर म्हणाल्या, मी विचारलं तर ते माझ्यासाठी नवस मोडतील. आणि मागनं पोराला काय झालं तर? ते कुणाच्या माथी?" कमळाताईंनी हातातली सुरी परातीवर आडवी ठेवली. "यावर मी काय बोलणार? माझी एक लेक, ती जमिनीवर."

गुरुप्रसादांना लिंबाचा वास आठवला. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मथुरेच्या हातांना लिंबाचा वास यायचा, भाजीत लिंबू नसलं तरी. त्यांच्या नाकानं ते टिपलं होतं. ज्या नाकानं मांडवीचा उतार टाकला, त्याच नाकानं. त्यांनी विचार असा केला होता की भजनाला प्रसाद म्हणून सरबत देत असतील. आता पाटावर बसल्या बसल्या त्यांना काहीतरी जाणवत होतं, पण त्याला धरायला कान नव्हते, गरम भांड्यासारखं. आपल्याला राग आलाय काय? कोणाचा? आपण नवस केला तेव्हा ताटात एकच तुकडी होती, आणि तीही आपली. दुसऱ्या कोणाचं ताट आपण सारलं नव्हतं. आपण सारलं नव्हतं, तर ते सरलं कसं?

"मावशी, एवढ्याचं करायचं काय?" चिराग दारात उभा होता, रडायच्या बेतात. "फक्त सात जणांनी थाळी घेतली. तेही पनवेलहून आलेले."

"जेटीवर बोटी लागल्यात ना? नेपाळी खलाशी असतील. त्यांना हाक मार जा. म्हणावं, आज पंगत हाय."

ते आले. उन्हानं रापलेली वीसेक माणसं, पायात रबरी बूट, आधी दबकत, मग बाकांवर ओळीनं. गुलालवाली गर्दी त्यांना जागा करून देत भिंतीकडे सरकली आणि बघत राहिली. वाढप्यांच्या अंगात वारं आलं. सुरमई तव्यावरून थेट ताटात पडू लागली. गुरुप्रसाद बाहेर येऊन उभे राहिले ते नेमके भिंतीलगतच्या टेबलाशी. हार-नारळ बाजूला करून तिथं एक खलाशी बसला होता, विनीतच्या वयाचा असेल, नसेल. त्यानं सरंग्याचा काटा एका हातानं सळकन ओढून अख्खा बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि मांसाचा पहिला घास भातात कालवला. त्याच्यासाठी कोण कुठल्या गावी काय सोडून बसलं असेल? की कोणीच नसेल आणि तरी तो जिवंत असेल, नुसता भूक लागते म्हणून? गुरुप्रसादांना वाटलं त्याला विचारावं. त्यानं वर पाहिलं, तोंड भरलेलं, आणि सरकून बाकावर जागा केली. "बैठो," म्हणाला.

ते बसले नाहीत. बसले असते तर काय झालं असतं हे त्यांना नंतर कितीदा विचार करूनही ठरवता आलं नाही. कमळाताई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना लांबून नमस्कार केला, तर त्यांनी मान हलवली.

घरी येईपर्यंत उन्हं कलली होती. माडीवर विनीत बॅग भरत होता, खालपर्यंत चेन ओढल्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात मथुरा विळीवर नारळ खवत होती. चंद्रोदयाला मोदक करायचे होते. दिवसभर तिच्या पोटात काही नव्हतं. गुरुप्रसाद दारात उभे राहिले आणि तिच्या हातांकडे बघू लागले. अंगठ्याच्या पेराशी बारीक बारीक चिरा होत्या, कोळंबीच्या कवचाच्या, कितीतरी वर्षांच्या, जुन्यांवर नव्या. विळीवर पडतात तशा नाहीत, हे कोणीही सांगितलं असतं.

"बंद झाली काय?" मथुरेनं मान वर न करता विचारलं.

"झाली."

"गर्दी होती?"

"होती. खाल्लं कोणी नाही." मग ते म्हणाले, "खलाशांनी खाल्लं."

"बरं झालं. वाया नाही गेलं."

विळीचा आवाज सुरू राहिला. गुरुप्रसादांना सगळं एकदम बोलायचं होतं आणि कुठलं टोक धरावं हे कळत नव्हतं. मी तिथं गेलो होतो. मला कळलं. तू मला विचारलं असतंस तर. पण तिनं विचारलं असतं तर त्यांच्याकडे सांगायला होतंच काय? पुसलेला शिक्का. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "उद्या बुधवार. बाजारात बांगडे येतील."

विळी थांबली. "तुम्हाला चालणार आहेत?"

"मला नकोत. तुला."

मथुरेनं त्यांच्याकडे पाहिलं. कमळाताई बोलली की काय, हे तिनं त्या एका नजरेत विचारलं आणि त्या नजरेतच तिला उत्तर मिळालं. ती लाजली. लग्नात लाजली नसेल इतकी लाजली, चोरी पकडल्यासारखी. आणि हातावरचं खोबरं झटकून तिनं दोन्ही हात पदरात घेतले. "मी कधी म्हटलं मला हवेत म्हणून?" ती म्हणाली.

"नाही म्हटलंस."

"मग?"

"मथुरा, मला आठवत नाही गं मी काय बोललो होतो ते. खरंच आठवत नाही. कदाचित केव्हाच संपलं असेल. कदाचित पहिल्याच वर्षी."

माडीवर बॅगेची चेन पुन्हा ओढली गेली, अडली, पुन्हा ओढली गेली. मथुरा तिकडे कान देऊन होती. मग तिनं विळी पुढे ओढली, वाटीचा उरलेला अर्धा भाग हातात घेतला आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात, बाजारात भाव ठरवावा तशी म्हणाली, "आठवत नाही ना? मग आता मी सांगते. विनीत या खेपेहून परत येईपर्यंत. तोवर राहू दे. तुमचंही आणि माझंही."

गुरुप्रसादांना इतकी वर्षं हवं होतं ते वाक्य मिळालं, स्पष्ट, मुदतीसकट. ते ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि सवयीनं वजन करू लागले. विनीतला त्याचा जीव मिळाला होता, आणि आता समुद्र पुन्हा मिळत होता. चिरागची मासळी खलाशांच्या पोटात गेली. गावाला फोटो मिळाले. गुरुप्रसादांना स्वतःला देवाशी शब्द राखल्याचं समाधान मिळालं होतं, दररोज, आमटीबरोबर थोडं थोडं. देवाला काय मिळालं ते देवाला ठाऊक. या सगळ्याचं मोल भरलं होतं मथुरेनं, न बोलावता, मागच्या दारानं जाऊन. आणि पुढच्या खेपेचंही तिनं आत्ताच, त्यांच्या देखत, आगाऊ भरून टाकलं होतं.